आगकाड्यांच्या रुळावरची नागभीड गाडी

वर्गाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर जी छोटी आगगाडी ठेवली आहे, ती कशी तयार केली ते सांगतो. हात मात्र लावू नका, खळ अजून ओली आहे.

ही नागपूर-नागभीड गाडी आहे. ती इतवारीहून कुही, उमरेड, भिवापूरवरून नागभीडला जायची. रूळ मोठे करण्यासाठी ती नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा मी अगदी लहान होतो. आमचे आजोबा तिच्यात खूप बसले. मिरचीची पोती घेऊन ते इतवारीला जात. मागच्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "आता ते गाडी कोनाले दाखवू बे?" म्हणून मी हे काम धरले.

पहिली गोष्ट म्हणजे माप. सहलीला आम्ही नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज संग्रहालय पाहिले. ते २००२ साली सुरू झाले. गुरुजींनी तिथे टेप लावून रुळांतले अंतर मोजायला लावले. एका रुळाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या गाडीचे हेच अंतर १६७६ मिलिमीटर असते. मी सगळे ५० पट लहान करायचे ठरवले. म्हणजे माझे रूळ १५ मिलिमीटरवर. जगात ८७ पट लहान गाड्यांची जास्त चाल आहे. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, तिथल्या गाड्या त्या मापाच्या आहेत असे गुरुजींनी सांगितले. पण इतके बारीक काम माझ्या बोटांना जमत नाही.

एकदा माप ठरले की ते कुठेच मोडायचे नाही. मी मोडले! स्टेशनाचे दार अंदाजाने कापले आणि मातीचा माणूस उभा केला. आजोबा हसायलाच लागले. "अबे, हा मानूस दरवाज्यातून जाईन कसा?" खरेच, दोन मीटरचे दार चार सेंटीमीटर हवे होते, मी अडीचच ठेवले होते. सगळे स्टेशन पुन्हा केले. अंतर मात्र कापावेच लागते. पूर्ण नागभीड लाइन या मापाने केली तर ती दोन किलोमीटरांहून लांब होईल. म्हणून मी उमरेडच्या अलीकडचा एक छोटा थांबाच घेतला.

रूळ बांबूच्या कामटीचे आहेत. त्यांच्याखालच्या फळ्या, म्हणजे स्लीपर, आगकाड्यांचे गूल मोडून केले. खडी म्हणजे चाळलेली वाळू. चाकाला आतून कड नसेल तर गाडी रुळावर राहतच नाही. त्यासाठी शर्टाच्या लहान बटणाला आतल्या बाजूने मोठे बटण चिकटवले आणि मधून सायकलच्या चाकाची तार घातली. तरी वळणावर गाडी पडायचीच, कारण मी वळण फार आवळले होते. ते सैल केल्यावर टेबल पुरेना. आईने पाट दिला, तो जोडला आहे, नीट पाहा.

रंगाचे भांडण घरात चार दिवस चालले. आजोबा म्हणत डबे तांबडे, आत्या म्हणे निळे. दोघेही खरे निघाले. रेल्वेचे डबे आधी तांबडे असायचे, पुढे निळे झाले. म्हणून गाडी करताना आपण कोणत्या सालची करतो ते आधी ठरवावे लागते. मी १९८० ठरवले. चुका दाखवायला माहीतगार माणूस घरातच आहे ना! मग इंजिनही वाफेचे आले. त्याचा बॉयलर म्हणजे दोऱ्याच्या रिळाची रिकामी नळी.

झाडे तुळशीच्या वाळल्या मंजिऱ्यांची आहेत. फलाटावर सुतळीच्या पोत्यांमधून जे लाल दिसते, ती खरी भिवापुरी मिरची आहे, कुटून भरलेली. डोळ्याला हात लावू नका.

काल आजोबांनी शाळेत येऊन गाडी पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हातपंप फलाटाच्या त्या टोकाले होता." पंप काढून ठेवला आहे. उद्या तिकडे लावतो.