इनामगावच्या रांजणात कोण बसलं होतं?

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या काठावर इनामगाव आहे. तिथली पांढरीची टेकाडं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात, हंगामामागून हंगाम, उकरली. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. ताम्रपाषाण युगातलं एक अख्खं खेडं इतक्या चिकाटीनं खणलं गेल्याची उदाहरणं भारतात थोडीच सापडतील. शंभराहून अधिक घरं आणि दोनशेहून अधिक दफनं तिथं उजेडात आली. त्यांतल्या एका दफनावरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं. त्याच्या अंगणात एक रांजण पुरलेला सापडला. हा रांजण न भाजलेल्या मातीचा, चार पायांचा होता आणि आत चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष पाय दुमडून बसवलेला होता. काळ ढोबळमानानं तीन हजार वर्षांपूर्वीचा. उत्खननकर्त्यांनी त्याला वस्तीचा प्रमुख मानलं. पुढं केंद्रीय अभ्यासक्रमाच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात हे दफन आलं, तेव्हा त्या पुस्तकानं उत्तर न देता मुलांनाच विचारलं : हा माणूस प्रमुख असेल का? मला ते पुस्तक याच कारणासाठी आवडतं.

‘राजा’ हा शब्द इथं मोठा पडतो. या लोकांना लिपी नव्हती आणि नाणं ठाऊक नव्हतं. जव, गहू, मसूर, वाटाणा पिकवावा, गुरं पाळावीत, हरणाची शिकार करावी, तांब्याची छोटी हत्यारं जपून वापरावीत, असा त्यांचा संसार. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून या संस्कृतीला नाव मिळालं. इनामगावात ती सुमारे इ. स. पू. १४०० पासून इ. स. पू. ७०० पर्यंत नांदली आणि तिच्याआधी दोनेक शतकं तिथं माळवा संस्कृतीचे लोक राहत होते. अशा समाजातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे फार तर गावाचा म्होरक्या. पण म्होरक्या असणं हीही साधी गोष्ट नाही. धान्य कुणाच्या पेवात जायचं आणि दुष्काळात ते कुणाच्या हातून वाटलं जायचं, हे ठरवणारा माणूसच त्या काळचा सत्ताधीश.

रांजणातला माणूस वेगळा का, हे कळायला बाकीची दफनं पाहावी लागतात. इथं मेलेल्याला दूर मसणवट्यात नेत नसत. त्याला घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. लहान मूल दोन मडक्यांत ठेवत. मडकी आडवी करून तोंडाला तोंड भिडवत आणि खड्ड्यात निजवत. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं, उत्तरेकडे डोकं करून ठेवत आणि घोट्यांखालची त्याची पावलं तोडून टाकत. मेलेल्यानं उठून चालू लागू नये, घरच्यांना सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन फिरू नये, असा त्यामागचा विचार असावा, असं अभ्यासकांना वाटतं. रांजणातल्या पुरुषाची पावलं शाबूत आहेत.

प्रमुखपणाचा दावा तीन गोष्टींवर उभा आहे : घर, धान्य आणि रांजण. घर वस्तीतल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी. त्याला लागून धान्यकोठार, त्यात पेवं आणि कणग्यांसाठीचे गोल ओटे. वस्तीची मांडणीही पाहण्यासारखी आहे. सधन शेतकऱ्यांची घरं मध्यभागी आणि कुंभार, सोनार, मणी घडवणारे, चुना भाजणारे पश्चिमेच्या कडेला. नदीचं पाणी वळवणारा मोठा कालवा आणि दगडमातीचा बांध हेही इथंच सापडलं. शे-दोनशे माणसांना कामाला लावून कालवा खोदून घ्यायचा तर हुकूम देणारा कुणीतरी हवाच, असं ढवळीकरांचं म्हणणं. त्यांनी इनामगावला प्रमुखाच्या अंमलाखालचा समाज म्हटलं आणि हे प्रमुखपण वंशपरंपरेनं चालत असावं, असंही मांडलं.

या मांडणीतली खोच इथंच आहे. घर प्रमुखाचं का? तर अंगणात असं वेगळं दफन आहे म्हणून. दफन प्रमुखाचं का? तर ते अशा घराच्या अंगणात आहे म्हणून. दोन्ही बाजू एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या आहेत. एक बाजूला सरकली की दुसरीही डळमळते. शिवाय दफनात सोन्याचा ढीग नाही. कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला महापाषाणयुगीन दफनात एका सांगाड्याबरोबर ३३ सोन्याचे मणी मिळाले. ती श्रीमंती डोळ्यांना दिसते. इनामगावच्या माणसाचा मान वस्तूंत दिसत नाही. तो दिसतो त्याला बसवण्यात आणि त्याची पावलं न तोडण्यात.

म्हणून मला घरापेक्षा पावलांचा पुरावा अधिक वजनदार वाटतो. घर आज एकाचं तर उद्या दुसऱ्याचं होऊ शकतं. पण मेलेल्याच्या देहाशी कसं वागायचं, याचा नियम सगळी वस्ती पाळते आणि तो मोडायला वस्तीचीच संमती लागते. ज्याच्या पायांची भीती वाटली नाही, ज्यानं परत यावं असं कदाचित वाटतही होतं, असा हा माणूस होता.

तो म्होरक्या होता की साधू? आपल्या भागातल्या वाचकाला हा प्रश्न सहज सुचेल. बीडजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, पाथर्डीच्या बाजूला मढीला कानिफनाथांची. लिंगायत समाजात, नाथपंथी आणि दशनामी गोसाव्यांत माणसाला बसवूनच समाधी देतात. बसलेला देह म्हणजे मेलेला नव्हे, ध्यानस्थ, ही समजूत आजही आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. मधे दोन हजारांहून अधिक वर्षांचं अंतर आहे. त्यामुळं आजची प्रथा थेट तिथून आली, असं म्हणायला मी धजणार नाही. पण बसवून पुरणं हा सत्तेपेक्षा पावित्र्याचा मान असू शकतो, एवढं तरी या प्रथा दाखवतात. त्या काळी धान्याचा मालक आणि देवीचा पुजारी एकच असणंही शक्य आहे. इनामगावात मातीच्या झाकणबंद पेटीत ठेवलेली शिरोहीन देवीची मूर्ती मिळाली आहे. पूजा घरातच होती, वेगळं देऊळ नव्हतं.

वादातला सर्वांत अवघड पुरावा मात्र त्या रांजणाखाली होता. तिथं तसाच चार पायांचा दुसरा रांजण सापडला आणि तो रिकामा होता. त्यात हाडं नव्हती. दूर कुठंतरी मेलेल्या, देह हाती न आलेल्या माणसासाठी केलेलं ते प्रतीकात्मक दफन असावं, असा तर्क मांडला गेला. या दफनाशी जोडलेल्या एका मडक्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली आहे. ती परलोकाची वाट की खऱ्या प्रवासाची आठवण, यावर दोन्हीकडून बोलता येतं. मला त्या रिकाम्या रांजणाची जागा अधिक बोलकी वाटते. एकाच ठिकाणी, एकाच घडणीचे दोन रांजण, एकाखाली एक. पहिला कुणाचा होता हे लक्षात ठेवणारं आणि दुसरा तिथंच पुरणारं कुणीतरी त्या घरात होतं. वंशपरंपरेच्या बाजूनं याहून चांगला पुरावा इनामगावात नाही. पाच खोल्यांपेक्षाही तो मोलाचा आहे.

आक्षेप घेणाऱ्यांनीही चांगलं काम केलं आहे. शीना पांजा यांनी इनामगावच्या घरांचा आणि प्राण्यांच्या हाडांचा नव्यानं विचार करून, वस्ती मानली जाते तितकी स्थिर होती का, असा प्रश्न उभा केला. लोक हंगामानुसार हलत असतील तर कायमच्या प्रमुखाची कल्पनाही सैल होते. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांची हाडं तपासली आणि या वस्त्यांचं सगळं काही दुष्काळामुळं बिघडलं, या जुन्या समजाला हादरा दिला. दुष्काळाचा हा प्रश्न आपल्या गोदाकाठालाही लागू आहे. पैठणजवळच्या आपेगावला जोर्वे संस्कृतीची वस्ती होती. इ. स. पू. १००० च्या सुमारास गोदेच्या खोऱ्यातली ही गावं ओस पडली आणि भीमेच्या खोऱ्यात इनामगावसारख्या वस्त्या आणखी तीनशे वर्षं तगल्या. त्या कशा तगल्या, याचं उत्तर कोठार आणि कालवा सांभाळणाऱ्या माणसांतही शोधावं लागेल.

लिखित पुरावा असला तरी असे वाद मिटतातच असं नाही. ग्रीसमध्ये व्हर्जिना इथं १९७७ मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांनी न लुटलेलं राजदफन शोधलं आणि ते सिकंदराचा बाप दुसरा फिलिप याचं असल्याचं जाहीर केलं. काहींनी ते सिकंदराच्या सावत्र भावाचं ठरवलं. २०१५ मध्ये दुसऱ्याच थडग्यातल्या, गुडघा जखडलेल्या पायाच्या हाडावरून फिलिप तिथं असल्याचा दावा झाला, कारण फिलिप लंगडा होता हे इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. आपल्याजवळचं उदाहरण अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) शाह डोंगरावर आहे. ती उंच इमारत लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, पण आत निजला आहे मुर्तझा निजामशाहाचा वजीर सलाबतखान. तिथं कागद आहेत म्हणून खरं नाव सांगता येतं. इनामगावात कागद नाही, देहच कागद.

आणि तो वाचायची साधनं आता पूर्वीपेक्षा चांगली आहेत. दातांच्या एनॅमलमधल्या स्ट्रॉन्शियमवरून माणूस लहानपणी कोणत्या जमिनीवर वाढला, हे कळू शकतं. उष्ण हवेत डीएनए सहसा टिकत नाही, पण आतल्या कानाभोवतीच्या घट्ट हाडात कधीकधी मिळतो. रांजणातला माणूस आणि वस्तीत घरांच्या जमिनीखाली मडक्यांत निजवलेली मुलं, यांच्यात रक्ताचं नातं निघालं तर घराण्याचा दावा भक्कम होईल. तो दुसऱ्याच मुलखात वाढलेला निघाला, तर समाधीचा विचार पुढं येईल, कारण साधू फिरता असतो आणि पेवाचा धनी जागचा हलत नाही. माझा कौल आज धान्याच्या धन्याकडे आहे आणि त्याचं मुख्य कारण तो रिकामा रांजणच आहे.