अंगाने बारीक, तरी रक्तात साखर!

वस्तीत शुगर तपासणीचे शिबिर लागले की काही माणसे लांबूनच हात हलवून पुढे जातात. "आम्हाला कसली शुगर? अंगावर मांस तरी आहे का?" चार घरची धुणीभांडी करणारी मावशी, हातगाडी ओढणारा दादा, सफाई खात्यातले काका, सगळ्यांचे उत्तर एकच. साखरेचा आजार जाड माणसाला होतो, बसून खाणाऱ्याला होतो, अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत चुकीची आहे, हे आपल्या पुण्यातच झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधीपासून बायांची नोंद ठेवली. त्या काय खातात, किती राबतात, बाळ किती वजनाचे होते, सगळे मोजले. या आयांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन होते जेमतेम ४२ किलो. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या बाळांचे सरासरी वजन साडेतीन किलो होते. पण खरी गोष्ट पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचे!

मोठ्या माणसांतही हेच दिसते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंचीच्या हिशेबाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

साखर का वाढते?

आपण भात, भाकरी, पाव खातो त्याची रक्तात साखर होते. ती स्नायूंमध्ये पोचवण्याचे काम इन्शुलिन करते. स्नायूच कमी असतील तर साखर ठेवायला जागा कमी. त्यात पोटावर आणि यकृतात चरबी साठली की इन्शुलिनचे काम अडते. मग स्वादुपिंडाला जादा इन्शुलिन तयार करावे लागते. ते थकले की साखर रक्तातच राहते.

त्या सहा गावांतली बाळे १८ वर्षांची झाली तेव्हा ६१९ जणांची तपासणी झाली. त्यातल्या ४८ टक्के मुलामुलींचे वजन कमीच होते. तरीही ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर हवी त्यापेक्षा जास्त निघाली. आजीच्या आणि आईच्या वाट्याला आलेली उपासमार नातवंडांच्या रक्तात अशी उतरते.

सुरुवातीला ही साखर दुखत नाही, खुपत नाही. वर्षे जातात, आणि एक दिवस पायाची जखम भरत नाही किंवा डोळ्यांपुढे धुके येते. बाबासाहेबांना मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने किती छळले, हे आपण जाणतोच.

आपण काय करायचे?

*टेप घ्या.* बेंबीच्या रेषेत पोट मोजा. पुरुषाचे ९० सेंटिमीटरच्या वर, बाईचे ८० च्या वर असेल, तर हातपाय कितीही बारीक असोत, तपासणी कराच.

*तिशी ओलांडली की शुगर तपासा.* सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, आशाताईंना विचारा. उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे सावध व्हायची वेळ. १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

*सावध झालात तर आजार टळू शकतो.* चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी साखर काठावर असलेल्या लोकांचा तीन वर्षे अभ्यास केला. ज्यांना विशेष सल्ला दिला नव्हता, त्यांच्यात शंभरात ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास भरभर चालायला आणि खाण्यात बदल करायला लावले, त्यांच्यात ३९ जणांना. म्हणजे शंभरातली सोळा माणसे वाचली. चहातली साखर निम्मी करा. चहाबरोबरची खारी-बटर बंद करा. भाताचा ढीग कमी करून ताटात डाळ, उसळ, पालेभाजी वाढवा.

*गरोदर सुनेला जपा.* पुण्याच्या अभ्यासात ज्या बाया पालेभाजी आणि फळे जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळे वजनाने चांगली होती. पाणी भरणे, शेतात राबणे अशी जड कामे करणाऱ्या बायांची बाळे लहान होती. म्हणून तिच्या डोक्यावरचा हंडा घरातल्या पुरुषांनी उचलावा, आणि ती सर्वांच्या शेवटी जेवणार नाही हे सासूने बघावे. गरोदरपणात ग्लुकोजचे पाणी पाजून साखर तपासतात, ती तपासणी चुकवू नका.

*मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे?* ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यावर काहींच्या शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. पायाला मुंग्या येत असतील, थकवा असेल तर डॉक्टरांना बी-१२ तपासायला सांगा. गोळी मनाने बंद करू नका. अंडी, मासे, कलेजी, दूध यांतून बी-१२ मिळते. सुकट-बोंबलातूनही मिळते, पण त्यात मीठ फार, म्हणून बीपी असलेल्यांनी बेताने खावे.

पुढचे शिबिर लागेल तेव्हा घरातल्या सगळ्यात बारीक माणसालाही रांगेत उभे करा. सुईचा एक टोचा पुढचे पुष्कळ दुखणे वाचवतो.