चामड्याची गादी टिकते की स्वेडची?

गावात चारचाकी येणे ही आता बातमी राहिलेली नाही. उसाचे बिल जमा झाले, द्राक्षाचा हंगाम साधला किंवा मुलाला चांगली नोकरी लागली की अंगणात गाडी उभी राहते. गाडी घेतल्यावर पहिला आठवडा देवदर्शनात जातो आणि दुसऱ्या आठवड्यात मालक तालुक्याच्या गावी कुशनवाल्याच्या दुकानात बसलेला दिसतो. तिथे एक जण सांगतो, "मालक, लेदर टाका, दहा वर्षं बघायला नको." शेजारचा दुकानदार म्हणतो, "लेदर जुनं झालं, आता स्वेड चालतंय." दोघेही आपापला माल विकायला बसलेले. घेणाऱ्याने मात्र खिशात हात घालण्यापूर्वी कोणता माल कशाने बिघडतो, एवढे तरी समजून घ्यायला हवे. कारण हा खर्च थोडाथोडका नसतो आणि वर्ष-दोन वर्षांत पापुद्रे निघू लागले की पुन्हा तोच खर्च बोडक्यावर बसतो.

नावे तीन, माल वेगळे

दुकानात ज्याला सरसकट 'लेदर' म्हणतात त्यात बहुतेक वेळा जनावराचे कातडे नसतेच. कापडाच्या पाठीवर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, या प्लॅस्टिकचा थर चढवलेला असतो. गाडीच्या माहितीपत्रकात 'लेदरेट' असा शब्द असतो तो हाच. आपण त्याला वर्षानुवर्षे रेक्झिन म्हणत आलो. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचे नाव. पुढे ते आपल्याकडे साऱ्या नकली चामड्याचेच नाव होऊन बसले.

दुसरे अस्सल चामडे. आणि तिसरे स्वेड. मूळचे स्वेड म्हणजे कातड्याची आतली बाजू घासून मऊ लव काढलेले चामडे. पण गाडीत जे स्वेड म्हणून मिळते ते कृत्रिम असते. त्याचा शोध जपानमध्ये तोरे या कंपनीत मियोशी ओकामोतो या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये लावला. 'अल्ट्रास्वेड' हे त्याचे नाव. त्याच पद्धतीचे कापड पुढे इटलीत 'अल्कांतारा' या नावाने तयार होऊ लागले आणि १९८०च्या दशकात ते तिथल्या मोटारींच्या गाद्यांवर आले.

हे कापड करण्याची रीत मोठी गमतीची आहे. दोन प्रकारचे प्लॅस्टिक एकत्र ओढून धागा काढतात. एका धाग्याच्या पोटात दुसऱ्याचे अनेक बारीक तंतू असतात. या धाग्यांचा सुयांनी ठोकून नमदा करतात. नंतर बाहेरचे प्लॅस्टिक विरघळवून टाकतात आणि आतले तंतू मोकळे होतात. हे तंतू रेशमापेक्षाही कितीतरी बारीक असतात. ९,००० मीटर तंतूचे वजन भरते जेमतेम ०.१ ग्रॅम. या नमद्यात पीयू मुरवतात आणि वरून घासून लव उठवतात. अल्कांतारामध्ये सुमारे ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असते. म्हणजे 'स्वेड' म्हणून आपण घेतो ते शंभर टक्के प्लॅस्टिकच, फक्त कातड्यासारखे केलेले.

तालुक्याच्या दुकानात मिळणारे स्वस्त स्वेड मात्र असे नसते. साध्या विणलेल्या पॉलिएस्टर कापडाची वरची बाजू घासून ते केलेले असते आणि खाली पातळ फोम चिकटवलेला असतो. दिसायला सारखे, पण टिकण्यात जमीन-अस्मानाचा फरक.

प्रयोगशाळेतला आकडा आणि शेतातली माती

विक्रेता कधीकधी कागद पुढे करतो: "हे बघा, इतके हजार घासण्या टिकतं." ही मार्टिंडेल नावाची चाचणी. ठरावीक वजनाखाली लोकरी कापडाने नमुना चहूबाजूंनी घासतात आणि धागा तुटेपर्यंत किती फेरे झाले ते मोजतात. चांगले कृत्रिम स्वेड या चाचणीत दणकून उतरते. पण चामड्याची परीक्षा वेगळ्या रीतीने होते. त्याला हजारो वेळा दुमडून चीर पडते का ते पाहतात, नमद्याने घासून रंग सुटतो का ते पाहतात. म्हणून दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

शिवाय प्रयोगशाळेतले लोकरी कापड स्वच्छ असते. आपल्या गादीवर बसणाऱ्याच्या कपड्याला मुरूम, काळी माती आणि पाचटाचा भुगा चिकटलेला असतो. ही धूळ पॉलिश पेपरचे काम करते. त्यातून आपल्याकडे गाडी म्हणजे नुसती बसायची वस्तू नाही. मागच्या गादीवर खताचे पोते येते, दुधाची किटली येते, कधी कोयता टाकलेला असतो. तेव्हा खरी कसोटी इथे लागते.

प्रत्येकाचे मरण वेगळे

चामडे, रेक्झिन आणि स्वेड यांपैकी अमर कोणीच नाही. फरक आहे तो बिघडण्याच्या रीतीत.

रेक्झिन झिजत नाही, ते तडकते. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळलेले असते. उन्हाने ते हळूहळू उडून जाते आणि रेक्झिन कडक होऊन चिरते. उन्हाळ्यात बंद गाडीत तापमान सहज ६० अंशांच्या वर जाते, तेव्हा हे काम झपाट्याने होते. वडापच्या जीपमधली फाटलेली, फोम बाहेर आलेली गादी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पीयूचे दुखणे निराळे. उष्णता आणि दमट हवा एकत्र आली की हलक्या प्रतीचे पीयू आतून कुजते आणि मग त्याचे पापुद्रे सुटतात. कोकणात आणि पावसाळी पट्ट्यात हा अनुभव जास्त येतो.

स्वेडचा धागा सहसा तुटत नाही, पण लव बसते. घाम, डोक्याचे तेल आणि धूळ एकत्र होऊन बारीक तंतू एकमेकांना चिकटतात. मग ती जागा काळपट, गुळगुळीत आणि चकचकीत दिसू लागते. डोके टेकण्याची जागा, हात ठेवायची जागा आणि स्टिअरिंग इथे हे पहिल्यांदा दिसते. शर्यतीच्या गाड्यांत स्टिअरिंगला स्वेड असते हे खरे, पण ते चालक हातमोजे घालतात. आपण उघड्या, घामेजल्या हाताने गाडी हाकतो. याशिवाय पॅन्टच्या खडबडीत शिवणीने आणि पिशवीच्या चिकटपट्टीने स्वेडवर बोंडेही येतात. बसलेली लव बऱ्याच वेळा पुन्हा पूर्ववत उठत नाही.

चामडे सुकून तडे पडून मरते. पण त्याच्या बाबतीत एक मोठी गोष्ट आहे: ते दुरुस्त होते. वरचा रंग गेला तर पुन्हा चढवता येतो, चीर भरता येते, शिवण उसवली तर कुशनवाला त्याच भोकांतून पुन्हा टाका घालतो. म्हणून १५-२० वर्षे वापरलेली चामड्याची गादीही जगात पाहायला मिळते. मात्र ती फुकटात टिकलेली नसते, कोणीतरी तिची निगा ठेवलेली असते.

मोटेचे शहाणपण इथे चालत नाही

विहिरीवर मोट चालत होती तेव्हाच्या पिढीला चामड्याचा स्वभाव नेमका ठाऊक होता. कोरडे पडले की कातडे कडक होते, तेल दिले की मऊ राहते. कोल्हापुरी पायताणालाही हाच नियम लागू. ते कातडे हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेले, वर कसलाही थर नाही, त्यामुळे तेल आत मुरते.

गाडीतले चामडे असे नसते. ते बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी किंवा इतर रसायनांनी कमावलेले असते आणि वर रंगाचा व पीयूचा पातळ थर असतो. खोबरेल किंवा करडईचे तेल चोळले तर ते आत जात नाही; वरच राहते, चिकट होते आणि धूळ धरते. हाताला लावायच्या सॅनिटायझरने हा थर उडतो. आपल्या जाणत्यांनी मोटेसाठी सांगितले ते खरेच होते, पण ही वस्तू वेगळी आहे.

औषधाची बाटली गादीवर नको

टिकाऊपणाच्या गप्पांत एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. फवारणीच्या औषधाची बाटली पायाशी किंवा गादीवर ठेवून आणण्याची आपल्याकडे सवय आहे. पाण्यात मिसळल्यावर दुधासारखी होणारी बरीच औषधे तेलकट द्रावकात विरघळवलेली असतात. असे औषध सांडले तर चामड्यावरचा आणि रेक्झिनवरचा थर खराब होतो. पण निदान ताबडतोब पुसता तरी येते. स्वेडमध्ये आणि खालच्या फोममध्ये ते मुरते आणि तिथेच राहते. मग त्याच गादीवर घरची लेकरे बसतात. गादी कसलीही असो, औषध मागच्या डिकीत, सरळ उभे आणि वेगळ्या खोक्यात ठेवावे. माणसांच्या बैठकीत ते आणूच नये.

खताचेही तसेच. युरिया हवेतले पाणी ओढून घेतो. पोत्यातून गळलेला युरिया शिवणीत राहिला तर ओल धरतो, डाग पाडतो. दूध सांडले तर स्वेडमधला वास महिनोन्महिने जात नाही. म्हणून शेतीच्या गाडीला पुसता येणारी गादीच सोयीची, हा सरळ व्यवहार आहे.

निगा कशी ठेवावी

चामड्याला आधी कोरड्या फडक्याने धूळ काढून, मग पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावे. फार मळले तर सौम्य साबणाचा फेस वापरावा आणि लगेच कोरडे करावे. गाडी शक्यतो सावलीत लावावी. जमत नसेल तर काचेला पडदा लावावा. पावसाळ्यात कोकणात गाडी महिनाभर बंद राहिली तर चामड्याला बुरशी धरते, म्हणून अधूनमधून दारे उघडून वारा द्यावा.

स्वेडवर मऊ ब्रश नियमित फिरवावा. ओले फडके पिळून हलकेच पुसावे, रगडू नये, पाणी ओतू नये. बोअरचे जड पाणी वापरले तर क्षारांचे पांढरे डाग उमटतात, त्यासाठी गाळून शुद्ध केलेले पाणी घ्यावे. वॉशिंग सेंटरवर वाफेचा किंवा पाण्याचा झोत स्वेडवर मारू देऊ नये. स्वेडची एक बाजू मात्र मान्य केली पाहिजे: ते उन्हात चामड्यासारखे पोळत नाही आणि वळणावर अंग घसरत नाही. घरची गाडी, माणसे मोजकी, शेतात न्यायची नाही, अशांना ते सुखाचे आहे.

घेताना काय पाहावे

दुकानदाराकडे कापलेला तुकडा मागावा. कडेला आणि पाठीमागे कातड्याचे गुंतलेले तंतू दिसले तर चामडे. विणलेले कापड दिसले तर रेक्झिन. तुकड्याचा धागाभर भाग दुकानाबाहेर जपून जाळला तर चामड्याला जळक्या केसांचा वास येतो, प्लॅस्टिक वितळून गोळा होतो. तरीही सावध राहावे, कारण चामड्याचा चुरा गोंदाने थापून केलेला मालही 'लेदर' म्हणून खपवतात. त्यात कातड्याचा अंश असतो, पण कातड्याचा दम नसतो; तो सोलवटतो. नव्या गाडीतही 'लेदर सीट' म्हणजे फक्त बसायचा भाग चामड्याचा आणि बाजू रेक्झिनच्या, असे पुष्कळदा असते. विचारून घ्यावे.

ज्या गाडीत गादीच्या कडेला एअरबॅग आहे तिथे साधे कव्हर चढवू नये. अपघातात ती पिशवी गादीची शिवण फाडून बाहेर यायची असते. वरून जाड कव्हर ताणून बसवले तर ती अडते. अशा गादीसाठी त्या जागी वेगळी शिवण ठेवलेलीच कव्हरे घ्यावीत.

बिलावर नुसते 'लेदर कव्हर' असे लिहून घेऊ नये. माल कोणता, हमी किती वर्षांची, हे स्पष्ट हवे. ग्रामपंचायत किंवा पंचायत समितीच्या वाहनासाठी दरपत्रके मागवतानाही हेच करावे. मालाचा प्रकार लिहिला नाही तर एकाचे दर पीव्हीसीचे, दुसऱ्याचे पीयूचे येतात आणि स्वस्त म्हणून मंजूर केलेले कव्हर दोन उन्हाळ्यांत फाटते. मग लेखापरीक्षणात उत्तर द्यावे लागते. चामडे सांगून रेक्झिन दिले तर ती ग्राहकाची फसवणूक आहे. बिल हातात असेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

थोडक्यात, शेतात आणि बाजारात राबणाऱ्या गाडीला चांगल्या प्रतीचे रेक्झिन पुरे, ते फाटणार हे धरूनच चालावे. दहा-पंधरा वर्षे गाडी ठेवायची आहे आणि निगा ठेवणारा माणूस घरात आहे, त्याने अस्सल चामड्याला पैसे घालावेत. स्वेड घ्यायचे तर स्टिअरिंग आणि हात ठेवायची जागा सोडून, आणि रोज ब्रश फिरवायची तयारी असेल तरच. दुकानात जाण्याआधी आपल्या गाडीत आठवडाभरात काय काय येते याची यादी करावी, म्हणजे काय घालायचे ते कुशनवाल्याला विचारावे लागणार नाही.