चंपाषष्ठीचा रोडगा : निर्धूम अग्नीवरचा नैवेद्य

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस कुलस्वामी मल्हारी मार्तंडाचे षड्‌रात्र बसते. घटस्थापना, अखंड नंदादीप, रोज चढणारी फुलांची माळ आणि मल्हारीमाहात्म्याचे वाचन यांत पाच दिवस सरतात. सहाव्या दिवशी, चंपाषष्ठीस, घट उठतात, तळी भरली जाते आणि देवापुढे नैवेद्याचे पान मांडले जाते. या पानावर पंचपक्वान्नांची आरास नसते. त्यावर असतो ठोंबरा, वांग्याचे भरीत, पातीचा कांदा, लसूण आणि निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा रोडगा. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे आणि कांदा अनेक घरांत याच दिवशी पुन्हा पानात येतात.

काही वर्षांपूर्वी षड्‌रात्रातील कीर्तन आटोपल्यावर एका गृहिणीने बुक्का लावून घेता घेता मला विचारले, "बुवा, रोडगा कोरडा लागतो म्हणून मुले हात लावीत नाहीत. षष्ठीला त्यांचे मित्र घरी यायचे आहेत. खिमा आणि चीज भरून भाजलेले पाव बाहेरून मागवू या, असा त्यांचा हट्ट आहे. चालेल का हो?" मी "चालायचे नाही" एवढेच म्हणालो आणि गळ्यातील हार काढू लागलो. बाई निमूटपणे निघून गेल्या.

उत्तर चुकीचे नव्हते. पण ते अर्धे होते. शास्त्र केवळ निषेध सांगून थांबत नाही, त्याच्या जागी काय करावे हेही सांगते. मी निषेध सांगितला आणि विधी माझ्यापाशीच राहिला. ते राहिलेले अर्धे उत्तर आज त्या माउलीस, आणि तिच्यासारख्या अनेकींस, देत आहे.

पिठातील पूर्ण पशू

पिठाचा गोळा भाजून देवास अर्पण करण्याची रीत आपल्याकडे फार प्राचीन आहे. श्रौत यज्ञांत तांदळाच्या वा जवाच्या पिठाचा पुरोडाश मातीच्या कपालांवर भाजीत. अग्नीसाठी आठ कपाले, अग्नी आणि सोम यांच्यासाठी अकरा. रोडगा हा पुरोडाशाचा थेट वंशज आहे असा माझा दावा नाही. परंतु दोघांची जातकुळी एकच आहे.

शतपथ ब्राह्मणात या पुरोडाशाची एक मोठी अर्थपूर्ण कथा आली आहे. यज्ञाचे सार, म्हणजे मेध, आरंभी मनुष्यात होते. तेथून ते घोड्यात गेले, मग बैलात, मग मेंढ्यात, मग बोकडात. आणि शेवटी भूमीत शिरले. देवांनी भूमी खणली, तेव्हा ते सार त्यांना भात आणि जव या रूपांत सापडले. पुढे ब्राह्मणकार एकेक अवयव दाखवितो. कोरडे पीठ म्हणजे लोम, पाणी घातले की त्वचा, मळले की मांस, भाजून कठीण झाले की अस्थी आणि वर तूप सोडले की मज्जा. असा हा पाच अंगांचा पूर्ण पशू धान्यातच सिद्ध होतो.

यज्ञांत पशू नव्हते असा याचा अर्थ कोणी काढू नये, पशुयागही होते. परंतु पिठाच्या गोळ्यात कशाचीही उणीव नाही, हे आपल्या पूर्वजांनी तेव्हाच सांगून ठेवले आहे. म्हणून रोडगा हा मांसाला पर्याय म्हणून नाइलाजाने स्वीकारलेला पदार्थ नव्हे. तो स्वयंपूर्ण नैवेद्य आहे.

मल्हारीच्या उपासनेतही हा विवेक दिसतो. मल्ल आणि मणी या दैत्यांशी झालेल्या युद्धाची समाप्ती षष्ठीस झाली. शरण आलेल्या मणीस देवाने आपल्यापाशी स्थान दिले. परंपरेने खुद्द मार्तंडास शाकाहारी नैवेद्य आणि ज्यांच्या कुळाचार सामिष आहे त्यांचा नैवेद्य मणीच्या नावे, देवापासून दूर. धनगर, रामोशी, कोळी, मराठा, ब्राह्मण असे सर्वच ज्याला कुलस्वामी म्हणतात, त्याच्या दारी कोणी कोणाच्या ताटाकडे तुच्छतेने पाहू नये. मात्र ज्याच्या घरी षष्ठीचा शाकाहारी कुळाचार आहे, त्याने तो सोडण्याचेही कारण नाही.

रोडगा कोरडा का होतो?

आता मुलांच्या तक्रारीकडे वळू. ती खोटी नाही. पुष्कळ घरी रोडगा बाहेरून करपलेला आणि आतून कच्चा असतो. दोष रोडग्याचा नव्हे, विस्तवाचा आहे.

सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात 'अंगारकर्कटी' नावाचा पदार्थ सांगितला आहे. गव्हाचे कोरडे पीठ पाणी घालून घट्ट मळावे, त्याचे वड्याच्या आकाराचे गोळे करावेत आणि धूर नसलेल्या अग्नीवर सावकाश भाजावेत, एवढीच त्याची कृती. हा पदार्थ पौष्टिक, बलदायक आणि भूक वाढविणारा आहे, असे तो म्हणतो. राजस्थानची बाटी, बिहारची सातूचे पीठ भरलेली लिट्टी, खानदेशची बट्टी आणि आपला रोडगा ही सारी याच गोत्रातील भावंडे. भावमिश्राच्या कृतीतील 'निर्धूम' हा शब्द गृहिणींनी ध्यानात ठेवावा. सारे मर्म त्यात आहे.

चार वाट्या जाडसर कणकेस अर्धी वाटी पातळ तुपाचे मोहन, चवीपुरते मीठ आणि चमचाभर ओवा घ्यावा. देशावर निम्मे बाजरीचे पीठही घेतात. कणीक पुरीपेक्षा घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवावी. विदर्भातील सुगरणी तीन लहान पुऱ्या तुपाचा हात लावून एकावर एक ठेवतात आणि चौथ्या पारीत गुंडाळून गोळा वळतात. भाजल्यावर त्याला आतून पदर सुटतात आणि तो कोरडा लागत नाही.

गोवऱ्या पेटवून ज्वाळ आणि धूर दोन्ही पुरते ओसरू द्यावेत. मग राखेने झाकोळलेल्या निखाऱ्यांवर गोळे ठेवून फिरवीत राहावे. त्यांना भेगा पडल्या की गरम राखेत दहा-पंधरा मिनिटे पुरून ठेवावेत. मग फडक्याने राख झटकून तुपात बुडवावेत. शहरातील सदनिकेत गोवऱ्या पेटविणे शक्य नसते. तेथे ओव्हनमध्ये १८० अंशांवर, एकदा उलटून, ३५ ते ४० मिनिटे भाजावेत. देव त्यास नाही म्हणणार नाही.

भरीत मात्र वांगे विस्तवावर भाजूनच करावे. सोलून घोटलेल्या वांग्यात पातीचा कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून वर तेलाची फोडणी द्यावी. संस्कृतात 'भरित' म्हणजे भरलेले. ही व्युत्पत्ती नव्हे, केवळ शब्दखेळ आहे. पण मुलांसाठी तो खरा करून दाखवावा. नैवेद्य झाल्यावर गरम रोडगा मधोमध फोडावा, त्यात भरीत भरावे, वर ताजे लोणी ठेवावे आणि लोणी वितळत असतानाच मुलांच्या हाती द्यावा. बाहेरून काही मागविण्याची आठवण त्यांना राहते का, ते पाहावे.

नवसाचा धूर

रोडग्याचे नाव निघाले की एकनाथ महाराजांचे भवानीस रोडगा वाहण्याचे भारूड आठवल्यावाचून राहत नाही. त्यातील सून सासरची माणसे एकामागून एक दूर व्हावीत म्हणून देवीस रोडगा कबूल करते. श्रोते हसतात. पण नाथांचे सासर निराळे आहे. ते आपल्याच चित्तातील विकारांचे आहे. ते सारे दूर होऊन जीव एकटा देवापाशी उरावा, हे त्या नवसाचे मर्म. वरवर पाहिले तर तो स्वार्थाचा नवस आहे, आत शिरले तर निरपेक्ष मागणे आहे.

धुराच्या विस्तवावर रोडगा काळवंडतो, तसा इच्छेच्या धुरात नवसही काळवंडतो. म्हणून षष्ठीच्या दिवशी एक रोडगा देवास, एक देवाच्या लाडक्या श्वानास आणि बाकीचे दारी येईल त्यास, असा आपला कुळाचार आहे. मुलांचे मित्र दारी आले, तर तेही त्या दिवशीचे अतिथीच. त्यांना परत पाठवू नये आणि बाजारच्या अन्नावर त्यांची बोळवणही करू नये. त्यांना तळी भरण्यास बोलवावे, कपाळी भंडारा लावावा आणि पंगतीस बसवावे.

ती माउली आज हे वाचीत असेल, तर तिने मला क्षमा करावी. बाई, षष्ठीला बाहेरचे ते पाव चालायचे नाहीत, हे खरेच. पण मुलांचे मित्र अवश्य येऊ द्या. फक्त विस्तव थोडा आधी पेटवा आणि धूर ओसरेपर्यंत धीर धरा.

येळकोट येळकोट जय मल्हार!