घराबाहेर फेकलेलं संगीत: ज्युलियस ईस्टमन पुन्हा सापडला कसा?

२८ मे १९९० ला अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये ज्युलियस ईस्टमन वारला. वय अवघं ४९. ही बातमी छापून यायला जवळपास आठ महिने लागले. आज त्याच माणसाचं संगीत जगभरातल्या मोठ्या सभागृहांत वाजतं. मधल्या काळात असं काय घडलं?

ईस्टमन होता कोण?

पियानोवादक, गायक आणि संगीतकार. जन्म १९४० चा. फिलाडेल्फियाच्या नामांकित कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये तो शिकला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याने पियानोचा कार्यक्रम केला. पुढे बफेलोत नव्या संगीतासाठी काम करणाऱ्या कलाकारांच्या गटात तो सामील झाला. पीटर मॅक्सवेल डेव्हिस या ब्रिटिश संगीतकाराच्या एका अवघड रचनेत तो गायला, त्या रेकॉर्डला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

त्याचं क्षेत्र होतं समकालीन शास्त्रीय संगीत. म्हणजे मोझार्ट-बीथोवनच्या परंपरेतलं, पण आजच्या काळात लिहिलं जाणारं. हे वर्तुळ तेव्हा बहुतांशी गोऱ्यांचं होतं. ईस्टमन कृष्णवर्णीय होता, समलिंगी होता आणि दोन्ही गोष्टी उघडपणे मांडायचा. काही रचनांच्या नावांत त्याने मुद्दाम वर्णद्वेषी शिवी वापरली. १९८० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यावर आक्षेप घेतला, तेव्हा त्याने मंचावरून आपली भूमिका समजावून सांगितली.

त्याच्या संगीतात वेगळं काय?

१९७४ ची ‘फेमेनाइन’ ही रचना घ्या. तासाभराहून जास्त वेळ यंत्रावर घुंगरांसारख्या घंटा वाजत राहतात. त्यावर एक छोटासा स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो आणि हळूहळू त्यात भर पडत जाते. नवा भाग आला तरी आधीचं पुसलं जात नाही, ते सोबत घेऊनच रचना पुढे सरकते. या पद्धतीला ईस्टमन ‘ऑरगॅनिक म्युझिक’ म्हणायचा.

मग हे संगीत हरवलं कसं?

८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला न्यूयॉर्कमधल्या घरातून बाहेर काढण्यात आलं. सामान रस्त्यावर गेलं आणि त्यातच हाताने लिहिलेल्या रचनाही गेल्या. पुढे काही काळ तो बेघर होता.

आपल्याकडे बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात उतरते. वही हरवली तरी ती गाणारा कुणीतरी असतो. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात मात्र कागद गेला की रचना पुन्हा वाजवणंच कठीण. त्यात ईस्टमन कागदावर मोजकंच लिहायचा. बाकीचं तालमीत वादकांना तोंडी सांगायचा.

मग सापडलं कसं?

१९९८ मध्ये मेरी जेन लीच या संगीतकार शिकवण्यासाठी अनेक चेलोंची एखादी रचना शोधत होत्या. त्यांना ईस्टमनची दहा चेलोंसाठीची रचना आठवली, पण ती कुठेच मिळेना. मग जुने सहकारी, विद्यापीठं, रेकॉर्डिंगचे साठे असा शोध सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. कुणाकडे झेरॉक्स निघाली, कुणाकडे टेप. २००५ मध्ये तीन सीडींचा संच आला, ‘अनजस्ट मॅलेझ’. ईस्टमनच्याच नावातली इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून हे नाव तयार केलं होतं. २०१६ मध्ये ‘फेमेनाइन’चं जुनं रेकॉर्डिंगही प्रसिद्ध झालं.

त्या दहा चेलोंच्या रचनेचा तर पूर्ण कागद सापडलाच नाही. एका चेलोवादिकेने रेकॉर्डिंग ऐकून ती स्वर न् स्वर पुन्हा लिहून काढली.

ईस्टमनच्या काही रचना अजूनही बेपत्ता आहेत. ज्या वाचल्या, त्या बऱ्याचशा त्याच्यासोबत वाजवणाऱ्यांमुळे. त्यांनी जुन्या टेप आणि कागद टाकून दिले नाहीत म्हणून.