मानेवरचे छिद्र आणि घराण्याचा वारसा



बेणे, खत, पाणी सोडून ऊस विकास विभागाचा माणूस मानेवरच्या गाठीवर का लिहायला बसला, असे आपण म्हणाल. त्याचे कारण सांगतो.

मागचा गळीत हंगाम संपल्यावर आम्ही कामानिमित्त मुंबईला गेलो होतो. आपल्यातल्याच एका सभासदाने भावाकडे पोचवायला गुळाची ढेप दिली होती. भाऊ तुर्भ्याच्या बाजारात माथाडी, राहायला नेरूळच्या सारसोळ्याला. खाडीकाठचे हे जुने आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे गावाभोवती नवी मुंबई उभी राहिली.

चहा घेताना त्यांच्या सात वर्षांच्या नातवाच्या मानेवर, एका बाजूला, टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसले. त्यातून चिकट पाणी येत होते. आम्ही विचारले तर आजी म्हणाल्या, "साहेब, ती आमच्या घराण्याची खूण हाय. पोराच्या बापालाबी हाय, ह्यांनाबी हाय." आजोबांना ऐकायला कमी येते, हे आम्हाला ठाऊक होते. पोराची शाळेतून तक्रार होती : लक्ष देत नाही.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण 'खूण' तीन पिढ्या चालते म्हटल्यावर आम्ही दवाखान्याचा आग्रह धरला. तपासणीत निघाले ते असे : पोर ढ नव्हते, त्याला नीट ऐकूच येत नव्हते. सोनोग्राफीत एक मूत्रपिंडही लहान दिसले.

तिथल्या डॉक्टरांनी समजावले ते थोडक्यात देतो. गर्भ चार ते सात आठवड्यांचा असताना मान आणि कान घडतात. तेव्हाची एखादी फट बुजायची राहिली तर पुढे मानेच्या बाजूला गाठ किंवा छिद्र दिसते. असल्या बहुतेक गाठी वंशाने येत नाहीत. पण काही घराण्यांत मानेचे छिद्र, कानापुढचा खळगा, बहिरेपण आणि मूत्रपिंडाचा दोष एकत्र चालत येतात. साधारण चाळीस हजारांत एकाला हे असते. त्यामागच्या मुख्य जनुकाचा शोध १९९७ साली लागला.

उसाची आपण टिपरी लावतो, म्हणून ८६०३२ च्या बेण्यातून ८६०३२ च उगवतो. माणसाचे तसे नाही. आईबापांपैकी एकाला हा दोष असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. पहिल्याला आला म्हणून दुसरा सुटला, असा हिशेब नाही. शिवाय एकाच घरात एकाला नुसते छिद्र, तर दुसऱ्याला बहिरेपण असेही होते. यात कोणाचे पाप नाही, सुनेचा दोष नाही, ग्रहणाचाही नाही.

तेव्हा एवढे करा. असली गाठ दाबू नका, फोडू नका, डाग देऊ नका. शस्त्रक्रियेत आतली नळी मुळापासून काढावी लागते, नाहीतर खोडव्यासारखी पुन्हा फुटते. घरात दोघा-तिघांना अशी खूण असेल तर सगळ्या पोरांचे कान तपासून घ्या, मूत्रपिंडाची सोनोग्राफी करा. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांनाही दाखवा. नुसता कानापुढचा खळगा पुष्कळांना असतो; तेवढ्यावरून घाबरू नका.

सारसोळ्याचे ते पोर आता कानाला यंत्र लावून पहिल्या बाकावर बसते. आजी फोनवर सांगत होत्या, "आता हाक मारली की वळतंय."