आधी ऐकून घ्या, मग समजवा

दहावी-बारावीतले पोर एकाएकी अबोल होते. खोलीचे दार लावून बसते, जेवायला हाक मारली तर खेकसते, गुण घसरतात. घरात निदान लगेच ठरते: मोबाईलने बिघडवले, संगत वाईट लागली. मग कुणी रागावते, कुणी शपथ घालते, कुणी शेजारच्या हुशार मुलाचा दाखला देते. पोर आणखीच मिटून जाते.

आघाताची जाण ठेवून केलेले समुपदेशन इथे प्रश्नच बदलते. ‘हा असा का बिघडला?’ याऐवजी ‘याच्या वाट्याला काय आले?’ असे ते विचारते. जवळचे माणूस गेलेले असते, आई-वडिलांची भांडणे रोजची झालेली असतात, शाळेत कुणी छळलेले असते. वरून बेपर्वाई किंवा उर्मटपणा वाटणारे वागणे बऱ्याचदा स्वतःला सांभाळण्याची धडपड असते.

या विचाराचा एक पाया ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी घातला. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांना भेटण्याची मुभा आई-वडिलांना फार थोडी असे. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर १९५२ मध्ये चित्रपट केला. शांत दिसणारे मूल आतून किती दुखावलेले असते, हे त्यातून लोकांना दिसले. १९५९ च्या सरकारी समितीने पालकांच्या भेटीवरील बंधने उठवण्याची शिफारस केली. बोल्बींचे म्हणणे साधे होते: संकटात धाव घेता येईल असे माणूस ही मुलाची मूलभूत गरज आहे.

ही गरज मिसरूड फुटल्यावर संपत नाही. अमेरिकेत गाय डायमंड आणि सहकाऱ्यांनी खचलेल्या, जिवावर उदार झालेल्या किशोरवयीन मुलांसाठी याच पायावर कौटुंबिक उपचारपद्धती उभी केली. पहिल्याच बैठकीत विचारतात: इतके असह्य होत असताना तू आई-वडिलांकडे का गेला नाहीस? इथून ‘मुलाचा दोष’ बाजूला पडतो आणि तुटलेला विश्वास समोर येतो.

पुढे समुपदेशक मुलाशी एकट्याने बोलतो. मग पालकांशी वेगळे बोलतो आणि त्यांचे ताण, त्यांचे स्वतःचे बालपणही ऐकून घेतो. आपल्यालाही तेव्हा कुणी विचारले नव्हते, हे ध्यानात आले की पालकाचा सूर मवाळ होतो. त्यानंतरच सारे समोरासमोर बसतात. मूल मनातली सल बोलते. पालकाने खुलासा द्यायचा नसतो, ‘आम्ही तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या’ हेही सांगायचे नसते. फक्त ऐकायचे आणि चुकले असेल तर तसे म्हणायचे. अभ्यास, शिस्त, मोबाईल हे विषय शेवटी येतात.

ही जादूची कांडी नव्हे. ६६ मुलांवरील २०१० च्या अभ्यासात ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. १२९ मुलांवरील २०१९ च्या अभ्यासात तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या उपचारानेही तेवढाच फरक पडला. त्या दुसऱ्या गटातही मुलाचे म्हणणे मनापासून ऐकणारा समुपदेशक होता, हे विसरता येत नाही.

एक पथ्य मात्र कडक आहे. मारहाण किंवा अत्याचार घरातूनच होत असेल, तर समेटाची बैठक नव्हे, आधी मुलाची सुरक्षितता. त्यासाठी १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे.

समुपदेशक गाठेपर्यंत घरानेही काही करावे. इफ्तारच्या दस्तरखानावर असो की दिवाळीच्या फराळाला, पाहुण्यांदेखत मुलाच्या अबोल्याचा विषय काढू नये. दुचाकीवर मागे बसलेले किंवा ओट्याशी भाजी निवडणारे पोर नजर न भिडवता सहज बोलते. ते बोलू लागले की मध्ये तोडू नये, ऐकलेले नातेवाइकांत वाटू नये. ‘जगायचेच नाही’ असे ते म्हणाले तर नाटक समजू नये. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य आहे. तो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आजच नोंदवून ठेवावा, मुलाच्या मोबाईलमध्येही.